कामावर अपघात झाला? सही करण्याआधी हे वाचा : नुकसानभरपाईचा हक्क आणि दावा

भिवंडी-मालेगावच्या लूमवर धोटा उडून कारागिराच्या डोळ्याला लागतो. भोसरी-चाकणच्या प्रेस मशीनमध्ये एखाद्या पोराची बोटं जातात. मुंबईत परांचीवरून गवंड्याचा पाय सटकतो. घाटात ट्रक उलटतो आणि क्लीनर जागीच जातो. अशी बातमी वर्षातून एकदा तरी आपल्या मोहल्ल्यात येतेच.

पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. दोन-तीन दिवसांनी शेठचा मुनीम किंवा ठेकेदार घरी येतो. हातात पाकीट असतं, पाकिटात वीस, तीस, फार तर पन्नास हजार रुपये असतात आणि सोबत एक टाइप केलेला कागद असतो. "आमची काहीही तक्रार नाही, सर्व हिशेब मिळाला" असं त्यावर लिहिलेलं असतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, "अल्लाहची मर्जी. शेठ तरी निदान दारात आला. कोर्टकचेरी कोण करणार?" आणि सही किंवा अंगठा होतो.

सब्र करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई म्हणजे शेठची खैरात नव्हे. ते कायद्याने त्याच्यावर टाकलेलं देणं आहे. बऱ्याच वेळा ही रक्कम पाकिटातल्या पैशांच्या वीस-तीस पट असते. म्हणून हा लेख नीट वाचा आणि घरातल्या कमावत्या माणसालाही वाचायला द्या. अपघात झाल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

आधी बघा : ईएसआय आहे की नाही?

कामावर दुखापत झाली की दोन वेगळे रस्ते आहेत. तुमचा रस्ता कोणता, हे ईएसआयवर ठरतं.

पहिला रस्ता कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा. साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. (अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे.) कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसत असेल तर तुम्ही या रस्त्यावर आहात. अपघाताची भरपाई मग मालकाकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून मिळते.

दुसरा रस्ता ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी. यात भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. हा कायदा १९२३ सालचा. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, नंतर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असं नाव झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हे दोन्ही कायदे त्या संहितेत आले. अपघात या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा बघायचा, नंतरचा असेल तर संहिता. हक्काचा मूळ सांगाडा मात्र जवळजवळ तोच आहे.

एकाच अपघातासाठी दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. ईएसआय लागू असेल तर मालकावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही.

ईएसआयमध्ये काय मिळतं?

कामावरच्या अपघातासाठी ईएसआयमध्ये किमान इतकी वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. कामगाराला मोफत उपचार मिळतात. डॉक्टर "कामावर जाऊ नका" म्हणतील तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्का ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पेन्शन सुरू होतं. कामगार दगावला तर विधवा, मुलं आणि इतर पात्र अवलंबितांना मिळून पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत मासिक रक्कम मिळते. दफनविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च वेगळा.

यात अडचण येते ती नोंदीची. अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत करून घ्या आणि मालकाने ईएसआयच्या शाखा कार्यालयाला अपघात अहवाल पाठवला का, हे विचारा. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर तो त्याचा गुन्हा आहे. त्यामुळे कामगाराचा हक्क जात नाही, महामंडळ मालकाकडून वसुली करू शकतं.

ईएसआय नसेल तर हक्क कोणाला?

पर्मनंट माणसालाच भरपाई मिळते, असा गैरसमज खूप आहे. हंगामी, रोजंदारी आणि ठेकेदाराचा कामगारही कायद्यात बसतो. कारखाना, बांधकाम, माल चढवणं-उतरवणं, गोदाम, विजेचं काम, विहीर खोदणं, अशी कितीतरी कामं यादीत आहेत. गाडीवरचा ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक आणि हेल्पर यांचाही उल्लेख आहे.

"तू ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही" असं कंपनी म्हणाली तर घाबरू नका. कंपनीच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत चाललेलं असेल तर कामगार मूळ मालकाकडेही भरपाई मागू शकतो. नंतर कंपनी ठेकेदाराकडून वसूल करेल, तो त्यांचा आपसातला प्रश्न. दावा करताना ठेकेदार आणि मूळ मालक दोघांनाही सामनेवाले करा. मालकाने विमा काढला असेल तर विमा कंपनीचंही नाव घाला.

दुसरा गैरसमज म्हणजे "चूक आमच्याच पोराची होती." इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामामुळे आणि कामाच्या दरम्यान अपघात झाला, एवढं पुरे. कामगाराकडून साधा निष्काळजीपणा झाला म्हणूनही भरपाई थांबत नाही. तीनच गोष्टींत मालक हात वर करू शकतो : कामगार दारू किंवा नशेत होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, आणि अपघात त्याचमुळे झाला. त्यातही मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर या सबबीसुद्धा चालत नाहीत.

दुखापत किरकोळ असेल आणि तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं नसेल, तर भरपाई मिळत नाही. सिलिकोसिससारखे कामामुळे होणारे काही ठराविक आजार मात्र अपघातासारखेच धरले जातात.

कामावर जाता-येता अपघात झाला तर?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल महत्त्वाचा आहे, आणि प्रकरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती नाकारली, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घर ते कामाची जागा या प्रवासात झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात मानता येतो, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या संहितेत ही तरतूद आलेलीच आहे.

म्हणून पाळीची वेळ, नेहमीचा रस्ता आणि हजेरीचा कागद जपून ठेवा. वाटेत भलतीकडे वळून गेला असेल तर दावा अवघड होतो.

रक्कम किती? हिशेब असा मांडा

हिशेबाला तीन गोष्टी लागतात : महिन्याचा पगार, अपघाताच्या वेळी पूर्ण झालेलं वय, आणि त्या वयाचा कायद्याने ठरवलेला गुणक. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. त्याआधी ती ८,००० होती. केंद्र सरकार अधिसूचनेने ती बदलू शकतं, म्हणून अर्ज करताना ताजी मर्यादा वकिलाकडून तपासून घ्या.

काही वयांचे गुणक असे :

- २० वर्षे : २२४.००
- २५ वर्षे : २१६.९१
- ३० वर्षे : २०७.९८
- ४० वर्षे : १८४.१७
- ५० वर्षे : १५३.०९
- ६० वर्षे : ११७.४१

मृत्यू झाला तर : पगाराचे ५० टक्के गुणिले गुणक. किमान १,२०,००० रुपये.

समजा, ३२ वर्षांचा वेल्डर, पगार १८,००० रुपये, कामावर दगावला. पगार धरायचा १५,०००. त्याचे ५० टक्के म्हणजे ७,५००. बत्तिसाव्या वर्षाचा गुणक २०३.८५. गुणाकार केला की १५,२८,८७५ रुपये होतात. पन्नास हजारांच्या पाकिटासमोर हा आकडा ठेवून बघा.

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर : पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. किमान १,४०,००० रुपये. वरच्याच वेल्डरला हे झालं असतं तर १८,३४,६५० रुपये झाले असते.

कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर : पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढायची आणि कमाईची ताकद जितके टक्के गेली तितके टक्के घ्यायचे. काही इजांचे टक्के कायद्यातच दिलेले आहेत :

- पूर्ण अंगठा : ३०
- पूर्ण तर्जनी, म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट : १४
- पूर्ण मधलं बोट : १२
- पूर्ण अनामिका किंवा करंगळी : ७
- एका हाताची चारही बोटं : ५०
- एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला : ४०
- एका डोळ्याची दृष्टी गेली, दुसरा चांगला : ३०

समजा, २५ वर्षांच्या प्रेस ऑपरेटरची तर्जनी मुळापासून गेली, पगार १४,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ८,४००, गुणिले २१६.९१ म्हणजे १८,२२,०४४. त्याचे १४ टक्के काढले की सुमारे २,५५,००० रुपये होतात. "एक बोट तर गेलं, दहा हजार घे आणि उद्यापासून ये" असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

तात्पुरतं अपंगत्व असेल तर : दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षं.

याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, तोही भरपाईतून न कापता. म्हणून मेडिकलच्या दुकानाचं साधं बिलही फेकू नका. दफनविधीसाठी जुन्या कायद्यात किमान ५,००० रुपये होते, नव्या संहितेत किमान १५,००० रुपये आहेत.

टक्का फक्त शरीराचा नसतो

यादीत नसलेल्या इजेसाठी डॉक्टर टक्का ठरवतात. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा : शरीराचं नुकसान किती झालं, यापेक्षा कमाईची ताकद किती गेली, हे महत्त्वाचं असतं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होऊच शकत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरण्यात आलं.

त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना "माझा हात दुखतो" एवढंच सांगू नका. मी कोणतं काम करत होतो, त्यातलं आता काय जमत नाही, हे नीट सांगा आणि प्रमाणपत्रात लिहून घ्या. लूमवरच्या कारागिराला तुटलेला धागा बारीक नजरेने शोधावा लागतो, एक डोळा गेला की त्याचा धंदाच बसतो. हे कागदावर आलं पाहिजे.

पहिले तीन दिवस : काय करायचं?

दाव्याचं भवितव्य बऱ्याचदा या तीन दिवसांतच ठरतं.

१. दवाखान्यात दाखल करताना "कामावर अपघात झाला" असंच सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. "घरी पडला असं सांगा, खर्च आम्ही करतो" अशी गळ कोणी घातली तर ऐकू नका. तो एक शब्द पुढे पूर्ण दावा बुडवू शकतो.

२. इजा गंभीर असेल तर पोलिसांत नोंद झाली का ते बघा. जबाब, पंचनामा आणि नोंदीची प्रत मागून घ्या.

३. जागेचे आणि मशीनचे फोटो काढून ठेवा. मशीन लगेच दुरुस्त होतं, जाळी लगेच बसवली जाते.

४. सोबतच्या दोन-तीन कामगारांची नावं आणि मोबाईल नंबर लिहून घ्या. परगावचे कामगार महिन्याभरात गावी निघून जातात.

५. मालकाला लेखी नोटीस द्या. अपघाताची तारीख, जागा आणि कारण साध्या शब्दांत लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

६. कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात लेखी कळवा. त्यांचा चौकशी अहवाल मोठा पुरावा ठरतो.

पगाराची पावती नसेल तर? आपल्याकडे अर्धे लोक रोखीतच काम करतात. बँक पासबुकातल्या नोंदी, फोनवरून आलेले पैसे, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज, गेटपास, ओळखपत्र, हजेरीच्या वहीचा फोटो, सोबतच्या कामगाराचा जबाब, हे सगळं पुराव्यात चालतं.

एक नाजूक गोष्टही सांगायला हवी. मृत्यू झाला की मय्यत लवकर दफन व्हावी असं प्रत्येक घराला वाटतं, आणि त्या घाईत शवविच्छेदन नको म्हणून घरचे पोलिसांना विनवतात. पण मृत्यू अपघातानेच झाला हे सांगणारा तोच सर्वात मजबूत कागद असतो. तो नसेल तर पुढे "त्याला आधीपासून हार्टचा त्रास होता" असं म्हणायला मालक आणि विमा कंपनी मोकळी होतात. नोव्हेंबर २०२१ पासून, सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्याची परवानगी आहे. त्यामुळे जमातीतल्या जाणत्या माणसांनी रुग्णालयात थांबून काम लवकर करून घ्यावं, पण टाळू नये.

पाकीट आणि तो कागद

आता मूळ मुद्द्यावर येऊ. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. म्हणजे "तक्रार नाही" असं लिहून दिलं असलं तरी दावा करता येतो. आधी सही केली असेल त्यांनी निराश होऊ नये.

मृत्यूच्या प्रकरणात तर कायदा आणखी कडक आहे. भरपाई घरी नेऊन हातात द्यायचीच नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. मालक अवलंबितांना आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देऊ शकतो, तेवढीच नंतर वळती होते.

मग तडजोड करायचीच नाही का? करता येते. पण तडजोडीचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम फार कमी वाटली किंवा दबाव दिसला तर ते नोंदणी नाकारू शकतात.

शेठ मदत घेऊन आला तर त्याचा अपमान करायची गरज नाही. मदत घ्या, "अपघातानंतर मदत म्हणून इतके रुपये मिळाले" एवढीच पावती द्या. छापील कागदावर, कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर सही करू नका. "वकिलाला दाखवून सांगतो" हे एक वाक्य पुरे आहे.

दावा कुठे आणि कधी?

मुदत दोन वर्षांची आहे. अपघाताच्या तारखेपासून, आणि मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. उशिराचं योग्य कारण पटलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

जुन्या कायद्यात दावा कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांपुढे चालतो. महाराष्ट्रात हे काम मोठ्या शहरांत कामगार न्यायालयात आणि इतरत्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे असतं. नव्या संहितेत त्यांना "सक्षम प्राधिकारी" म्हटलं आहे. अर्ज नेमका कुठे द्यायचा हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

मोठी सोय अशी की अपघात मुंबईत झाला म्हणून बीड किंवा लातूरच्या विधवेला मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत. जिथे अपघात झाला, जिथे कामगार किंवा अवलंबित राहतात, किंवा जिथे मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे, यापैकी कुठेही दावा करता येतो.

अर्जासोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, वयाचा दाखला, दवाखान्याचे कागद, पोलिसांचे कागद, पगाराचा पुरावा आणि नोटिशीची प्रत जोडा. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, निकाहनामा आणि मुलांचे जन्मदाखलेही लागतात. आपल्याकडे आधारवर एक नाव, निकाहनाम्यात दुसरं आणि रेशन कार्डावर तिसरं स्पेलिंग असं फार होतं. ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

मालकाने टाळाटाळ केली तर?

भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर जुन्या कायद्याप्रमाणे १२ टक्के सरळ व्याज लागतं. संहितेत हा दर केंद्राच्या नियमांवर ठेवला आहे. उशिराला समर्थनीय कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होतो, आणि तो कामगाराला किंवा अवलंबितांनाच मिळतो. तरी पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मालकाला अपील करायचं तर आधी रक्कम जमा करावी लागते.

काही घरांत व्याज या शब्दावरच पाऊल अडखळतं. त्या रकमेचं काय करायचं, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवा. पण त्या एका कारणासाठी मूळ भरपाईचा दावा सोडू नका.

मृत्यूनंतर पैसे कोणाला?

इथे घराघरांत गोंधळ आणि भांडणं होतात. ही भरपाई मरहूमची मालमत्ता नाही, त्यामुळे तिची वाटणी वारसा हक्काच्या हिश्शांप्रमाणे होत नाही. ती त्याच्या कमाईवर जगणाऱ्यांसाठी असते आणि कोणाला किती द्यायची हे आयुक्त ठरवतात. विधवा, अल्पवयीन मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांचा हक्क पहिला. वडील, अल्पवयीन भाऊ, अविवाहित बहीण असे इतर नातेवाईक त्याच्या कमाईवर अवलंबून होते हे दाखवलं तर तेही येतात. कमावता थोरला भाऊ "घरचा कर्ता मी" म्हणून रक्कम उचलू शकत नाही. लहान मुलांचा वाटा सहसा बँकेत ठेव म्हणून ठेवला जातो.

दुसरं, इद्दत. चार महिने दहा दिवसांत बाई बाहेर पडत नाही म्हणून काम अडायचं कारण नाही. नोटीस पोस्टाने जाते, अर्ज आणि वकीलपत्रावर घरी सही होते, हजर राहायला वकील असतो. त्या काळात भावाने किंवा दिराने कागद गोळा करावेत. सही मात्र तिची, आणि काय लिहिलं आहे ते तिला वाचून दाखवल्यानंतरच.

बांधकाम कामगार, ड्रायव्हर आणि आखातातली माणसं

बांधकाम कामगार : महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आणि नूतनीकरण चालू असेल तर कामावर मृत्यू झाल्यास कायदेशीर वारसाला ५ लाख रुपये साहाय्य मिळतं. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाची मदत मिळाली म्हणून मालकाकडच्या भरपाईचा हक्क संपत नाही.

ड्रायव्हर आणि क्लीनर : रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाई आयुक्त, यापैकी एकच दार निवडावं लागतं. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर न्यायाधिकरणात जास्त रक्कम मिळू शकते. चूक आपल्याच ड्रायव्हरची असेल तर आयुक्तांकडचा रस्ता बरा, कारण तिथे चूक बघत नाहीत. हे वकिलाशी बोलून आधीच ठरवा.

आखातातले कामगार : कोकणातल्या कितीतरी घरांचा चुलाच आखातातल्या पगारावर पेटतो. तिथल्या कंपनीतल्या नोकरीला त्या देशाचा कायदा लागतो. पण इमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन गेलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय विमा योजनेत विमा असतो आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. जाण्याआधी विम्याच्या कागदाची प्रत घरी ठेवून जा. तिथल्या मालकाकडची भरपाई अडली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

आजच करून ठेवा

घरातल्या कमावत्या माणसाला आज रात्री चार गोष्टी विचारा : मालकाचं आणि ठेकेदाराचं पूर्ण नाव काय, कामाच्या जागेचा पत्ता काय, ईएसआय नंबर आहे का, आणि पगार कसा मिळतो. उत्तरं एका वहीत लिहा, ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा. कितीतरी विधवांना नवरा नेमका कोणाकडे कामाला होता हेच सांगता येत नाही आणि दावा पहिल्याच पायरीवर अडतो.

अल्लाह कोणावर अशी वेळ आणू नये. पण आली तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी त्या घरी नुसतं पुरसा द्यायला जाऊ नये. नोटीस लिहून द्यावी, कागदांची फाईल लावून द्यावी, आणि मुनीम कागद घेऊन येईल तेव्हा त्या बाईजवळ बसावं.